करिंबनपाऱ्याचा जाट

करिंबनपारा,
२० जानेवारी २०१९

ये. स्तु.

चि. लिल्ली हीस,

थोरल्या बहिणीचे, चेच्चीचे, अनेक आशीर्वाद, वि. वि. मठात तुला सिस्टर बेनिन्या म्हणतात ते म्हणोत. आपली अम्मच्ची बाळंतपणातून उठेपर्यंत तुला खांद्यावर टाकून मी हिंडवलंय, तेव्हा मी लिल्लीच लिहिणार. मदर हे पत्र तुझ्याआधी वाचतात हे ठाऊक असूनही लिल्लीच.

बातमी अशी की आपल्या डोंगरावर येणारी एकुलती एक बस नाताळानंतर बंद झाली. झाली तर झाली. पण माझ्या लेकाला, टिजोला, आयर्लंडात बसून ते कळलं आणि त्याने फोनवर फर्मान काढलं. म्हणे, बस नाही, घरात गाडी नाही, रात्री छातीत दुखलं तर तुला खाली कोण आणणार? ईस्टरला तो येतोय. घर विकायचं आणि मला एर्नाकुलमच्या वृद्धाश्रमात ठेवायचं, असं त्याने ठरवूनच टाकलंय. वृद्धाश्रमाला तो वृद्धाश्रम म्हणत नाही हं, 'विसावा' म्हणतो. तिथे संध्याकाळी सहाला कांजी देतात आणि साडेसातला दिवे घालवतात. लिल्ली, मी कुवेतच्या इस्पितळात जन्मभर रात्रपाळ्या केल्या. मला साडेसातला कोण झोपवतो ते बघतेच मी.

मी त्याला म्हटलं, गाडी नाही ना, मग घेते गाडी. तो हसला. मेला हसला गं! दुसऱ्याच दिवशी पालायला जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. त्यांनी चहा दिला, बिस्किट दिलं आणि म्हणाले, अम्मच्ची, गाडी बघायला मुलाला घेऊन या. दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानात माझ्या रविवारच्या धर्मवर्गातला बेन्नी निघाला, त्याला खोटं बोलवेना. टिजोने सगळ्यांना फोन करून ठेवलाय की अम्मच्चीला गाडी विकायची नाही. पालायपासून कोट्टयमपर्यंत जुन्या गाड्या विकणारे सगळे त्याचे वर्गमित्र, नाहीतर वर्गमित्रांचे मेहुणे.

म्हणून मी विमानाने दिल्लीला चालले आहे. तिथे दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर आणू देत नाहीत, म्हणून दहाला टेकलेल्या गाड्या लोक पडत्या भावात काढून टाकतात. आपल्या चर्चच्या अंगणात उभ्या असतात त्यातल्या निम्म्या गाड्या दिल्लीच्याच. मात्तनची मुलगी शाइनी तिथे नर्स आहे, तिच्याकडे उतरेन. गाडी घेईन आणि चालवत घरी आणेन. टिजोचे मेहुणे दिल्लीपर्यंत पोचत नाहीत.

तुझी प्रार्थना हवी, सल्ला नको.

तुझी
चेच्ची


कार्मेल मठ, पुळिक्कुन्नु,
२६ जानेवारी २०१९

येशूची स्तुती असो!

ती. चेच्चीस,

सा. न. वि. वि. पहिली गोष्ट, 'ये. स्तु.' असं परत लिहू नकोस. देवाच्या स्तुतीत काटकसर करून वाचलेल्या शाईचं तू काय करणार आहेस, असं मदरनी विचारलंय.

सल्ला नको म्हणालीस, म्हणून देत नाही. नुसत्या शंका विचारते. कुवेतमध्ये रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी चालवतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. सुट्टीवर आलीस की आपल्या वडिलांची, चाच्चनची जीप तू काय चालवायचीस ते मी विसरलेले नाही. वळायचं म्हटलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू. भर उन्हात वायपर फिरले की मागचे लोक ओळखायचे, रोसकुट्टी आता वळणार. दिल्लीकरांना हे कोण सांगणार आहे? आणि वाटेत तू झोपणार कुठे? लॉजमध्ये एकटी?

आता नवल ऐक. मदरनी तुझं पत्र वाचून माझ्यापुढे ठेवलं आणि निघून गेल्या. मला वाटलं रागावल्या. पण दुपारच्या मोकळ्या वेळात त्यांनी मला बोलावून एक कागद हातात दिला. ग्वाल्हेर, नागपूर, हैदराबाद, सेलम. चारही ठिकाणी ओळखीच्या सिस्टरांचे मठ आहेत, तिथे त्या स्वतः कळवणार आहेत. मी काही विचारलं नाही, विचारायची पद्धतही नाही.

४ मार्चला आमचा मोठा उपास सुरू होतो हे लक्षात ठेव. मग ईस्टरपर्यंत पत्र लिहिणं नाही, आलेलं वाचणं नाही.

घराचं म्हणशील तर मी ते एकतीस वर्षांपूर्वी सोडून आले, माझा हिस्साही तुला लिहून दिला. आमच्या वरच्या खिडकीतून करिंबनपाऱ्याचा नुसता माथा दिसतो, घर दिसत नाही. तेच बरं आहे. मागच्या अंगणातलं जांबाचं झाड अजून आहे का? नाही कळवलंस तरी चालेल.

जपून जा. लोभ आहेच, तो पोचवायला मला तिकीट लागत नाही.

तुझी
सिस्टर बेनिन्या (बरं, लिल्ली)


दिल्ली,
९ फेब्रुवारी २०१९

येशूची स्तुती असो! (पूर्ण लिहिलंय. मदरना दाखव.)

चि. लिल्ली हीस अनेक आशीर्वाद.

जांबाचं झाड आहे. आधी ते लिहिलं, आता बाकीचं.

विमानतळावर माझ्या पिशवीतली माशाच्या लोणच्याची बरणी काढून घ्यायला निघाले. तेल आहे म्हणे, विमानात चालत नाही. टाकून द्या म्हणाली ती तपासणीवाली पोरगी. मीन अच्चार टाकून द्या! मी तिथेच बरणी उघडली, केळीचे वेफर्स फोडले आणि रांगेतल्या माणसांना वाटून संपवलं. पोरीनेही दोनदा घेतलं. मग दिल्लीवर धुकं, म्हणून विमान उतरलं जयपूरला. तिथून रात्रभर बसने हादरत मी दिल्लीत पोचले, आणि आता अंगात चार स्वेटर आणि मुंडूवर शाइनीच्या नवऱ्याची पँट. फोटो मागू नकोस.

गाड्या विकणाऱ्याचं नाव खुराणा. फोटोत दाखवलेली गाडी काल विकली गेली म्हणाला. दुसरी दाखवली, तिचा दार उघडताच वास आला. पुरात बुडालेल्या गाडीचा वास आणि न वाळलेल्या गादीचा वास एकच, मला कोण फसवतो? तिसरी मला पसंत पडली. पांढरी, जीपसारखी उंच, आपल्या चढणीला हवी तशी. चालवून बघायला मी सवयीने डाव्या दाराने आत बसले. त्याला वाटलं म्हातारीला नुसतं फिरायचंय, म्हणून तो उजवीकडे बसून निघाला. त्याने ए.सी. लावला, माझ्याकडे वळून बघितलं आणि हसत म्हणाला, ठंडी?

लिल्ली, मला ऐकू आलं 'तेंडी'. तोंडावर भिकारडी म्हणाला मला! मी गाडी थांबवायला लावली, उतरले आणि छत्री उगारली. शाइनी मागच्या सीटवरून धावत आली म्हणून तो वाचला. त्यांच्यात गारव्याला ठंडी म्हणतात, असं तिने तिथे रस्त्यात उभं राहून समजावलं. तो बिचारा इतका घाबरला होता की त्यानंतर त्याने भाव करताना एकदाही माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. त्यात माझाच फायदा झाला.

दिल्लीच्या कचेरीतून गाडी केरळात न्यायची परवानगी आज हातात पडली. उद्या पहाटे निघते. एकच विचारायचंय. गाडी धुतल्यावर मागच्या काचेवर लाल रंगातली मोठी अक्षरं वर आली. शाइनी रात्रपाळीला गेली आहे आणि हिंदीत मी सदाचीच नापास. तू परीक्षा दिल्या आहेस, वाचून सांग. जशीच्या तशी चितारते: छोरा जाट का. खुराणाला खुणेने विचारलं तर त्याने छाती ठोकून दाखवली. एखाद्या संताचं नाव असावं.

उत्तर नागपूरच्या मठात पाठव. ग्वाल्हेरला गाडीची काही किरकोळ कामं करून घेणार आहे, तेव्हा नागपूरला पोचेपर्यंत वेळ लागेल.

तुझी
चेच्ची


कार्मेल मठ, पुळिक्कुन्नु,
१५ फेब्रुवारी २०१९

येशूची स्तुती असो!

ती. चेच्चीस सा. न. वि. वि.

संत नाही गं बाई! 'छोरा जाट का' म्हणजे जाटाचा पोरगा. जाट म्हणजे तिकडचे शेतकरी लोक, भलते तगडे. ऐन जवानीतला कोणीतरी दांडगट ती गाडी उडवत असणार, आणि आता त्याच्या जागी तू! मौनाच्या वेळात मला हसू आलं, ते मी खोकल्यावर ढकललं, आणि माझ्या पाठोपाठ सगळ्या खोकल्या. पण इथे आणण्याआधी ते पुसून टाक. आपल्याकडे चोरा म्हणजे रक्त आणि जाथा म्हणजे मोर्चा. कोणी अर्धवट हिंदीवाला भेटला तर रक्ताचा मोर्चा समजेल, आणि निवडणूक तोंडावर आली आहे.

आता हसण्यावारी न्यायचं नाही ते लिहिते. टिजोने मदरना फोन केला होता. त्याला सगळं कळलंय. तो ओरडला नाही, रडला. गेल्या पावसाळ्यात तू न्हाणीघरात पडलीस आणि सकाळपर्यंत तशीच फरशीवर होतीस, हे मला त्याच्याकडून कळावं? पाच पत्रं लिहिलीस तेव्हापासून. त्यात कोंबड्यांचं होतं, पाद्रींच्या नव्या चष्म्याचं होतं, हे नव्हतं.

चेच्ची, मला भीती वाटते. टिजोचं सगळंच चुकतंय असं मला म्हणवत नाही. घर म्हणजे शेवटी भिंती. मी सोडून आलेच ना? तूही सोड. गाडी घेतलीस, जिंकलीस, आता पुरे.

रागावशील हे माहीत असून लिहिलं आहे. तरीही लोभ तसाच ठेव.

तुझी
लिल्ली


नागपूर,
२० फेब्रुवारी २०१९

येशूची स्तुती असो.

लिल्ली,

आशीर्वाद आहेतच, पण आज कोरडे.

हो, पडले. साबणावरून पाय घसरला. उठता येईना म्हणून रात्रभर पडून राहिले, माळ म्हटली, थोडं रडले. उजाडल्यावर बादलीला धरून उठले आणि कॉफी केली. पडले मी आणि उठलेही मीच. दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. टिजोने हे सांगितलं का? नाही ना? त्याला ठाऊकच नाही, त्याने विचारलंच नाही.

आणि हे एकदा नीट ऐकून घे. तू घर सोडून गेलीस ती तुझ्या मनाने. चाच्चन दारात आडवे झोपले तरी त्यांना ओलांडून गेलीस. तेव्हा तुझी पेटी बसपर्यंत कोणी उचलली? मी! मी म्हटलं नव्हतं, लिल्ली, पुरे आता. तू चालत गेलीस. मला उचलून ठेवतायत. ह्यात फरक दिसत नसेल तर आत बसून इतकी वर्षं केलंस काय?

तुझं पत्र वाचून मी मठाच्या अंगणात गाडीत जाऊन बसले आणि पोटभर रडले. मग सिस्टरांनी संत्र्यांची गोणी आणून डिकीत ठेवली, तेव्हा उतरावं लागलं.

त्या अक्षरांचं. ग्वाल्हेरच्या सिस्टर गाडी बघून तोंडावर हात ठेवून हसत होत्या, मला वाटलं माझ्या पँटला हसतायत. टोलनाक्यावर एक मिशाळ माणूस मोठ्या आदराने पुढे आला, चौधरी कुठायत म्हणून आत डोकावला, आणि चष्मा लावलेली, गळ्यात माळ घातलेली मी दिसले. त्याने मागची अक्षरं परत जाऊन वाचली. मग येऊन मला कडक सलाम ठोकला. ट्रकवाले वाट देतात. वायपर फिरले की आणखी लांब सरकतात. एवढा मान मला पालायच्या दुकानांत कोणी दिला होता? त्रेसष्टाव्या वर्षी मला कोणी पोरगा म्हणत असेल तर मी पुसू कशाला? राहू दे.

उद्या निघते.

चेच्ची


करिंबनपारा,
२२ एप्रिल २०१९, ईस्टरचा सोमवार

येशूची स्तुती असो!

चि. लिल्ली हीस अनेक आशीर्वाद, आणि ह्या वेळी ओले.

सेलमला क्लच गेला, पाच दिवस मठात सिस्टरांचे रक्तदाब मोजत बसले. घरी पोचले ते तुमचा उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. म्हणून तुला कळलं नसेल की मी जिवंत आहे. आहे.

इतक्या दिवसांत तुझं उत्तर नाही, माझं पत्र नाही. नागपूरहून लिहिलेलं शेवटचं पत्र तुझ्याकडे पडून असेल ह्याची मला फार रुखरुख लागली. कोरडे आशीर्वाद कोणी लिहितं का? पण त्यातला मजकूर मी परत घेणार नाही.

गाडी चढण चढते. दर रविवारी डोंगरावरची म्हातारी मंडळी मिस्साला माझ्या गाडीतून उतरतात. सगळे विचारतात, जाट किती वाजता निघणार? पाद्रींनी नम्रतेवर प्रवचन दिलं आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होते.

टिजो शुक्रवारी आला. माझ्याशी धड बोलला नाही. शनिवारी घर बघायला गिऱ्हाईक बोलावलं होतं, एर्नाकुलमचे कोणी बडे गृहस्थ, जमिनीला पोट टेकणाऱ्या चकचकीत मोटारीतून आले. तिसऱ्या वळणावर त्यांची मोटार रुतली. टिजोने ढकलली, त्यांच्या ड्रायव्हरने ढकलली, हलेना. शेवटी मीच जाट घेऊन खाली गेले आणि दोर बांधून ती ओढून काढली. गृहस्थ म्हणाले, असल्या ठिकाणी माणूस राहतो कसा? मी म्हटलं, असा. ते घर न बघताच गेले.

मी हसले, टिजो हसला नाही. बुधवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय, आणि गुरुवारी जायच्या आधी तो मला 'विसाव्या'त पोचवून जाणार आहे. माझे कपडे त्याने पेटीत भरायला घेतलेत. मी ते काढून परत कपाटात ठेवते, तो परत भरतो. लिल्ली, ओढून मोटार काढता येते, मुलाच्या मनातली भीती कशी काढायची ते मला येत नाही. आज पहिल्यांदा मला वाटतंय की मी हरणार.

मदरचा फोन आला होता. उद्या मतदानाला तुम्हाला न्यायची ठरलेली गाडी नादुरुस्त आहे, मी येईन का? टिजो म्हणाला, तोही येणार, मला एकटीला चालवू देणार नाही. ये म्हटलं. हे पत्र उद्या तुमच्या दारावरच देईन.

तुझी
चेच्ची


कार्मेल मठ, पुळिक्कुन्नु,
२४ एप्रिल २०१९

येशूची स्तुती असो!

ती. चेच्चीस सा. न. वि. वि.

काल गाडीत मदरसमोर फार बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मदर हे वाचणार आहेतच. वाचोत.

आधी नागपूरच्या पत्राबद्दल. ते उपास सुरू झाल्यावर पोचलं, म्हणून ईस्टरला उघडलं. मला फरक दिसला. क्षमा मागते, इथेच, मागेपुढे न बघता.

मतदान केंद्रापाशी त्या पोलिसाने दोरीजवळ गाडी अडवून विचारलं की हा कुठल्या पक्षाचा रक्ताचा मोर्चा, आणि परवानगी कुठाय, तेव्हा तू काच खाली करून जे बोललीस ते मी इथे लिहू शकत नाही. म्हणून मला तोंड उघडावं लागलं. वर्षानुवर्षं हळू आवाजात बोलणारी मी, भर रस्त्यात ओरडून सांगत होते की छोरा म्हणजे पोरगा आणि जाट म्हणजे शेतकरी. त्याने आत पाहिलं. आम्ही चौघी, तू, आणि मागे कोंबलेला टिजो. ह्यातला तो पोरगा कोण, असं त्याने विचारलं. मदर म्हणाल्या, जो चालवतोय तो. त्यांना मी इतकं गंभीर तोंड करून थट्टा करताना कधी पाहिलं नव्हतं.

मत देऊन सरळ मठात परतायचं, हा आमचा नियम. फाट्यावर वायपर फिरायला लागले. बाहेर ऊन रणरणतंय आणि वायपर इकडून तिकडे. मदरनी विचारलं, काचेवर काही पडलं का?  मला कळलं तू वळतेयस, आणि कुठे वळतेयस तेही कळलं. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चेच्ची, मी ओठ आवळून बसले आणि देवाला म्हटलं, आज मला विचारू नकोस.

आपल्या घराच्या दारात दोन मिनिटं गाडी उभी केलीस. आम्ही उतरलो नाही, तेवढा नियम पाळला. जांबाचं झाड कौलांच्या वर गेलंय. न्हाणीघराच्या उघड्या दारातून तो भिंतीचा दांडा दिसला. मी टिजोला तो दाखवला. आल्यापासून तो त्यावर टॉवेल टाकत होता, तो कशासाठी बसवलाय हे त्याने पाहिलंच नव्हतं. 

मग मी त्याला जे म्हटलं ते तुला इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. मी म्हटलं, मी हे घर देवासाठी सोडलं, दलालासाठी नाही. माझा हिस्सा मी माझ्या बहिणीला दिला, ती इथे राहील म्हणून दिला. तुला तिच्या पडण्याची भीती वाटते, मलाही वाटते, रोज रात्री वाटते. पण ती भीती आपली आहे, आपण सांभाळायची. ती तिच्या पेटीत भरायची नाही.  आम्ही मठापाशी उतरलो तेव्हा तो डोळे पुसत होता.

आणि आज सकाळी तुझा निरोप आला की टिजोने गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं, 'विसाव्या'लाही नाही म्हणाला, आणि पहाटेपासून गाडीत बसून इंडिकेटरच्या दांडीला लाल पट्टी गुंडाळतोय, म्हणजे तू चुकणार नाहीस. निरोप मी दोनदा वाचला, मग भांडारात जाऊन तांदळाच्या पोत्यावर बसून रडले.

वाट वाकडी होऊ दिल्याबद्दल मदरनी मला आठवडाभर मोठी पातेली घासायची शिक्षा दिली आहे. मजेत घासते आहे.

लोभ असावा, आणि टाकीत डिझेल असावं.

तुझी
लिल्ली

ता. क. (मदरच्या हातचे): श्रीमती रोसकुट्टी यांस. ९ मे रोजी आमच्या तीन वृद्ध सिस्टरांना दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचे आहे. तिघींची माहेरे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहेत. आपण गाडी आणावी. काचेवरची अक्षरे पुसू नयेत. आणि चिरंजीवांनी गुंडाळलेली लाल पट्टी त्या दिवसापुरती काढून ठेवावी.